आडवाटेवर गाडी घालण्यापूर्वी
मावळ-लोणावळ्यातील ‘ऑफ-रोडिंग’ : वाहन, वाट आणि सुरक्षितता

लोणावळा : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये संपूर्णपणे खुला झाला आणि लोणावळा-खंडाळ्याचा घाटमाथा दोन्ही महानगरांच्या अंगणात आला. त्याआधी येथे येणारा पर्यटक चिक्की, भुशी धरण आणि राजमाची पॉइंट एवढ्यावर समाधान मानून परतत असे. गेल्या दीड-दोन दशकांत मात्र एक नवा हौशी वर्ग तयार झाला आहे. डांबरी रस्ता जेथे संपतो, तेथून त्याची सहल सुरू होते. महिंद्रची ‘थार’ २०१० मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये नव्या रूपात अवतरली. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ‘गुरखा’, मारुतीची जुनी ‘जिप्सी’ आणि २०२३ मध्ये आलेली ‘जिम्नी’ यांनी या छंदाला हातभार लावला. महिंद्रच्या ‘ग्रेट एस्केप’ मोहिमांनी तर लोणावळ्याचा चिखल दूरदूरच्या चालकांना परिचित करून दिला. दुसरीकडे लोणावळा, कामशेत आणि पवना धरणाच्या परिसरातील रिसॉर्ट व साहसी क्रीडा उद्यानांत ‘एटीव्ही’ अर्थात फुगीर टायरांची, मोटारसायकलसारखी हँडल असलेली चारचाकी गाडी भाड्याने मिळू लागली आहे.

या दोन्ही वाहनांचा उल्लेख ‘ऑफ-रोडिंग’ या एकाच शब्दाने होत असला, तरी त्यांचे धोके अगदी निराळे आहेत. जीपच्या प्रकारातील गाडीत चालकाभोवती पोलादी सांगाडा व सीटबेल्ट असतो आणि तिला रस्त्यावर चालण्याची परवानगी असते. एटीव्हीला यांपैकी काहीच नसते. जीप चालविण्यात मुरलेला माणूस एटीव्हीवर बसताच अगदी नवशिक्या ठरू शकतो, हे सुरुवातीलाच ध्यानात घेतलेले बरे.

जमीन कशी आहे?

मावळची जमीन एकसारखी नाही, आणि बहुतेक फजिती येथूनच सुरू होते. खाली काळा बसाल्ट, त्यावर कोठे तांबडी माती, कोठे जांभ्याचा थर, तर पठारावर उघडा कातळसडा. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तांबडी माती त्या पावसात साबणासारखी होते. टायरच्या खाचांमध्ये ती गच्च बसली, की कितीही महागडा टायर गुळगुळीत होऊन जातो. कातळ वरून भक्कम दिसतो, पण जुलैपर्यंत त्यावर शेवाळ धरते. त्यावर ब्रेक दाबल्यास चाके थांबतात, गाडी मात्र थांबत नाही.

राजमाचीची वाट हे याचे उत्तम उदाहरण. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंतचे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. उन्हाळ्यात जीप हा पल्ला निवांत पार करते. पावसाळ्यात त्याच वाटेला जागोजागी ओहोळ आडवे येतात, पाण्याने माती खरवडली जाऊन चाकोऱ्या खोल होतात आणि समोरून दुसरे वाहन आले तर बाजूला सरकायला जागा उरत नाही. मे महिन्यात या वाटेने गेलेल्या चालकाचा अनुभव जुलैत उपयोगी पडत नाही. उलट त्याला फाजील आत्मविश्वास येतो.

खोल चाकोरीत गाडी उतरली आणि मधला उंचवटा पोटाला टेकला, की चारही चाके अधांतरी फिरू लागतात. अशा ठिकाणी चाके चाकोरीत न घालता एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेवर ठेवून जाण्याची पद्धत आहे; मात्र माती ओली असेल, तर गाडी घसरून पुन्हा चाकोरीतच येते. म्हणूनच अवघड टप्पा आधी पायी चालून पाहावा, असे अनुभवी चालक सांगतात. उतरून पाहण्यात पाच मिनिटे जातात. फसलेली गाडी काढण्यात दुपार जाते.

गाडी चारही चाकांची आहे ना?

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण जानेवारी २०२३ पासून ‘थार’ केवळ मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या प्रकारातही मिळू लागली. बाहेरून दोन्ही गाड्यांत फारसा फरक दिसत नाही. भाड्याने किंवा मित्राकडून घेतलेली गाडी नेमकी कोणती, हे आत दुसरा छोटा गिअरदांडा आहे की नाही यावरून कळते. तो नसेल, तर चिखलाच्या चढावर जाण्याचा विचार सोडून द्यावा.

या दांड्यावरील ‘टू एच’, ‘फोर एच’ आणि ‘फोर एल’ या खुणांचा अर्थ समजून घेतल्याशिवाय निघू नये. पहिली डांबरी रस्त्यासाठी, दुसरी कच्च्या पण चालत्या वाटेसाठी आणि तिसरी अतिशय कमी वेगाच्या, अवघड चढ-उतारासाठी असते. ‘फोर एल’मध्ये इंजिनचा जोर कित्येक पटींनी वाढून चाकांपर्यंत पोहोचतो, गाडी मात्र गोगलगाईच्या गतीने चालते. नवशिका चालक नेमका याच्या उलट वागतो : चढ दिसला, की वेग घेऊन ‘उडी’ मारायला पाहतो. त्यात चाक मोडते किंवा गाडी उलटते. थार, गुरखा व जिम्नीसारख्या गाड्यांत चारही चाकांची जोडणी कोरड्या डांबरी रस्त्यावर चालू ठेवणेही चुकीचे आहे. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात, डांबरावर मात्र सगळा ताण यंत्रणेवर येतो आणि गाडी वळायलाही कुरकुरते.

टायरमधील हवा हा स्वस्तातला उपाय. रस्त्यावर तीसच्या आसपास असलेला दाब चिखल व दगडांच्या वाटेवर अठरा ते वीस पौंडांपर्यंत उतरविला, तर टायर पसरतो, जमिनीला अधिक चिकटतो आणि टोकदार दगडावर फाटण्याऐवजी दबतो. मात्र कमी हवेच्या टायरवर वेगाने वळण घेतल्यास तो रिमवरून निसटू शकतो. त्यामुळे हवा भरण्याचा छोटा पंप जवळ असल्याखेरीज हवा काढू नये.

स्टिअरिंग धरण्याचीही एक रीत आहे. अंगठे चक्राच्या आत अडकवू नयेत. ते बाहेरच्या कडेवर ठेवावेत. चाक दगडावर आपटले, की स्टिअरिंग झटक्याने फिरते आणि अंगठा दुखावतो किंवा मोडतो. सीटबेल्ट सर्वांनी लावलेला हवा. ताशी दहा किलोमीटर वेगात त्याची गरज काय, असे विचारणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की गाडी कलंडताना बाहेर फेकला गेलेला माणूस त्याच गाडीखाली सापडतो. छतावर बसून किंवा दारातून बाहेर लोंबकळत जाणे हे याच कारणासाठी जिवावर बेतते.

पाणी : सर्वांत फसवा शत्रू

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाह अचानक वाढला आणि त्यांना बाहेर पडायला अवधीच मिळाला नाही. ती दुर्घटना गाडीची नव्हती. पण मावळातील ओढे कसे वागतात, हे तिच्यातून कळते. येथील ओढ्यांचे पाणलोट लहान आणि उतार तीव्र असतो. वर डोंगरावर सर कोसळली, की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत पाणी चढते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेली गाडी सायंकाळी त्याच ओढ्याच्या पलीकडे अडकून पडणे, ही मावळातील नित्याची गोष्ट आहे.

कंपन्यांच्या माहितीपत्रकात गाडी किती पाण्यातून जाऊ शकते याचा आकडा दिलेला असतो. नव्या थारसाठी तो ६५० मिलिमीटर, तर गुरखासाठी ७०० मिलिमीटर आहे. म्हणजे साधारण सव्वादोन फूट. हा आकडा अनेकांची दिशाभूल करतो. तो संथ पाण्यासाठी, सपाट तळासाठी आणि अतिशय कमी वेगासाठी आहे. वाहत्या पाण्याचे गणित निराळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या इशाऱ्यानुसार अर्धा फूट वेगवान पाणी प्रौढ माणसाला पाडू शकते, एक फूट पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक सर्व वाहनांना उचलते. गाडी जड आहे म्हणून ती टिकेल, हा समज चुकीचा आहे. पाणी दारांच्या पातळीला आले, की बंद गाडी होडीसारखी तरंगू लागते आणि चाकांचा जमिनीशी संबंध सुटतो.

तेव्हा पाणी गढूळ आणि तळ दिसत नसेल, तर काठीने खोली मोजावी. प्रवाहाला जोर असेल, तर माणसाने उतरूही नये आणि गाडीही घालू नये. संथ, गुडघ्याच्या आतल्या पाण्यातून जाताना ‘फोर एल’मध्ये खालच्या गिअरमध्ये, एकाच संथ गतीने, क्लच न दाबता जावे. वेगाने पाणी उडवीत जाण्याचे छायाचित्र सुंदर येते. तेच पाणी हवेच्या नळीतून इंजिनात शिरते. पाणी दाबले जात नसल्याने आतील दांडा वाकतो आणि इंजिन कायमचे निकामी होते. गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नये, हा नियम याचसाठी. साधारण विमा पॉलिसीत असे नुकसान धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जादा कलम घ्यावे लागते.

चढ, उतार आणि कडा

चढावर गाडी नेहमी सरळ न्यावी. तिरके जाण्याचा मोह होतो, कारण तिरकी वाट सोपी दिसते. पण उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो आणि ओल्या गवतावर खालचे चाक एखाद्या खळग्यात गेले, तरी ती कलंडते. चढ अर्ध्यावर सुटला आणि इंजिन बंद पडले, तर गाडी वळवण्याचा प्रयत्न करू नये. ब्रेक दाबून धरावा, रिव्हर्स गिअर टाकावा आणि त्याच वाटेने सरळ मागे यावे. न्यूट्रलमध्ये मागे घरंगळणारी गाडी ब्रेकला दाद देत नाही. उताराचेही तसेच : पहिल्या गिअरमध्ये, पाय क्लचवरून काढून, इंजिनच्या रोधावर गाडी उतरू द्यावी. घसरत असताना ब्रेक जोरात दाबला, तर मागचा भाग पुढे यायला पाहतो. अशा वेळी किंचित एक्सलरेटर देऊन चाके फिरती ठेवावी लागतात. मनाविरुद्ध वाटणारी ही कृती सरावानेच अंगवळणी पडते. महिंद्रने इगतपुरीला ऑफ-रोड चालकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले ते याच गरजेतून.

लायन्स पॉइंट, टायगर पॉइंट आणि त्यांच्या आजूबाजूच्या पठारांचा धोका वेगळाच. तेथे चढ नसतो, चिखल बेताचा असतो, आणि पठार एकाएकी शेकडो फूट खोल दरीत संपते. दाट धुक्यात ते कोठे संपते हे समजत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सुलीभंजन येथे १७ जून २०२४ रोजी दत्तधाम मंदिर परिसरात गाडी शिकत असलेल्या २३ वर्षांच्या तरुणीचा, रिव्हर्समध्ये असलेली गाडी दरीत कोसळून मृत्यू झाला. जागा निराळी असली, तरी मावळच्या पठारांवर रविवारी जे चालते त्यापेक्षा त्यात फार वेगळे काही नव्हते. कड्याजवळ गाडी नेणे, तेथे गोल फिरविणे, नवशिक्याच्या हाती चावी देणे हे सर्व टाळण्याजोगे आहे. गाडी उभी करायचीच, तर कड्यापासून दूर, तोंड मोकळ्या जागेकडे करून, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकाखाली दगड लावून उभी करावी.

फसलेली गाडी काढताना

ऑफ-रोडिंगमधील काही अत्यंत गंभीर इजा गाडी चालताना नव्हे, तर ती ओढून काढताना होतात. ताणलेला दोर तुटला किंवा त्याचा आकडा निसटला, तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. मागे ट्रेलर जोडण्यासाठी बसविलेल्या गोळ्याला दोर अडकविणे हा सर्वांत घातक प्रकार, कारण तो गोळा झटक्याचा ताण सहन करण्यासाठी बनविलेलाच नसतो. सांगाड्याला पक्के जोडलेले हूक, मजबूत शॅकल आणि योग्य क्षमतेचा पट्टा एवढेच वापरावे. पट्ट्याच्या मध्यावर जाड चादर किंवा ओले पोते टाकले, तर तुटलेला दोर खाली पडतो. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर राहावे. दोर ओलांडणे तर कटाक्षाने टाळावे. मोबाइलवर चित्रण करणारेच नेमके दोराच्या रेषेत उभे असतात.

एकट्या गाडीने जाऊ नये, हा नियमही याच कारणासाठी. आंद्रा आणि पवन खोऱ्यांच्या आतल्या भागात मोबाइलला हमखास रेंज मिळेल असे नाही. दुसरी गाडी, घरी कळविलेला मार्ग आणि परतीची वेळ यांना पर्याय नाही. गावातला ट्रॅक्टर मदतीला येतो. पण भर पावसात, रात्री, दुसऱ्याच्या हौसेपायी शेतकऱ्याला घराबाहेर काढणे शोभणारे नाही.

एटीव्ही : खेळणे नव्हे

एटीव्हीचे वजन सहसा दोनशे किलोहून अधिक असते. ती उलटली, तर चालक तिच्याखाली येतो आणि छातीवर भार पडून गुदमरतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानुसार एटीव्ही व तत्सम ऑफ-रोड वाहनांच्या अपघातांत त्या देशात दरवर्षी सरासरी सातशेहून अधिक जण मृत्युमुखी पडतात. तीन चाकांच्या एटीव्हींची विक्री तेथे १९८८ मध्येच थांबविण्यात आली. ऑस्ट्रेलियात शेतावर वापरल्या जाणाऱ्या अशा गाड्यांना उलटल्यावर चालकाचे रक्षण करणारा सांगाडा ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचा झाला.

बहुतेक एटीव्ही एकाच व्यक्तीसाठी बनविलेल्या असतात. लांब आसन मागे कोणी बसावे म्हणून नव्हे, तर चालकाला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकता यावे म्हणून दिलेले असते. मागे दुसरी व्यक्ती बसली, की हे झुकणे बंद होते आणि चढावर पुढची चाके उचलली जातात. असे असताना वडील चालवीत आहेत आणि पुढ्यात मूल बसले आहे, हे दृश्य आपल्याकडे सर्रास दिसते. पूर्ण आकाराची एटीव्ही सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये, असे अमेरिकेतील सुरक्षा संकेत सांगतात. हेल्मेट नीट बसणारे व हनुवटीखाली बांधलेले हवे. चपला नकोत, बूट हवेत. ओढणी, साडीचा पदर आणि मोकळे केस यांबाबत विशेष काळजी घ्यावी. हरयाणातील पिंजौर येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा मृत्यू झाला होता. उघड्या चाकांच्या कोणत्याही वाहनाला हा धोका लागू आहे.

राज्य शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा व्यवसायांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणी प्रमाणपत्र दाखविण्यास सांगण्यात ग्राहकाने संकोच करू नये. सही करून घेतला जाणारा ‘जबाबदारी आमची नाही’ असा कागद म्हणजे सुरक्षिततेची व्यवस्था नव्हे. सुरुवातीला मोकळ्या जागेत सराव करू देणारा, ब्रेक तपासून दाखविणारा, वेग मर्यादित ठेवणारा आणि पाऊस वाढताच फेऱ्या बंद करणारा चालक-मालक शोधावा. अशी एटीव्ही सार्वजनिक रस्त्यावर आणणे मात्र टाळावेच : तिची नोंदणी नसते, विमा नसतो, आणि तिचे फुगीर, कमी हवेचे टायर डांबरावर वळताना दगा देतात.

कोणाची जमीन, कोणता कायदा

मावळात मोकळी दिसणारी जमीन बेवारस नसते. काही भाग राखीव वनाचा आहे आणि तेथे विनापरवानगी शिरणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा ठरू शकतो. लोणावळ्यालगत नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’चे क्षेत्र आहे, वळवण, शिरवटा, ठोकळवाडी ही धरणे टाटा वीज प्रकल्पांची आहेत. लोहगड व विसापूर ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके असून लोहगडाचा जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांमध्ये समावेश झाला. त्यांच्या उतारांवर गाड्या घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोक्याच्या स्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढतात. निघण्यापूर्वी ते आदेश आणि हवामान खात्याचा इशारा, दोन्ही पाहावेत.

उरलेली जमीन शेतकऱ्याची. जून-जुलैत ती पडीक भासते. प्रत्यक्षात तेथे इंद्रायणी भाताची रोपे वाढत असतात किंवा लावणीसाठी चिखलणी झालेली असते. खाचराचा बांध एका चाकाने फुटला, तर त्यातील पाणी खालच्या खाचरात जाते, माती वाहून जाते आणि हंगामाच्या ऐन मध्यावर तो बांध पुन्हा घालावा लागतो. त्याची भरपाई करायला ती गाडी परत येत नाही. गावकऱ्यांनी काही वाटा दगड लावून बंद केल्या, तर त्यात नवल नाही.

गाडीत मनाला येईल तसे बदल करण्यालाही मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात तीच भूमिका घेतली. अवाढव्य टायर आणि उंचावलेली गाडी चिखलात उपयोगी पडत असली, तरी द्रुतगती मार्गावर तिचा तोल बिघडतो आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारण्यास निमित्त मिळते. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक वा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

अपघात घडलाच, तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक उपलब्ध आहेत. दरीत किंवा पाण्यात अडकलेल्यांना काढण्यासाठी लोणावळ्यातील ‘शिवदुर्ग मित्र’ आणि मावळातील ‘वन्यजीव रक्षक’ या संस्थांचे स्वयंसेवक पोलिसांबरोबर काम करतात. कळविताना जवळचे गाव, धरण किंवा किल्ला सांगावा. केवळ ‘लोणावळ्याजवळ’ म्हणून भागत नाही. पाठीला वा मानेला मार लागलेल्या माणसाला घाईने ओढून गाडीत घालू नये.

आणि परतीचा प्रवास सुरू करण्यापूर्वी थोडा वेळ काढावा. टायरमध्ये हवा पूर्ववत भरावी, जोडणी ‘टू एच’वर आणावी, चाकांच्या आत साचलेला चिखल काढावा, अन्यथा ताशी ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागते. पाण्यातून आलेल्या गाडीचे ब्रेक ओले असतात. कामशेतच्या किंवा लोणावळ्याच्या रहदारीत मिसळण्यापूर्वी रिकाम्या रस्त्यावर दोन-चार वेळा हलकेच दाबून ते कोरडे करून घ्यावेत.